कर कुठे जमा झाला ते सांगता, कमावला कुठे ते कधी सांगणार?

प्रति,
मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली
मा. अपर मुख्य सचिव, नियोजन विभाग, महाराष्ट्र शासन
मा. संचालक, अर्थ व सांख्यिकी संचालनालय, मुंबई

महोदय,

मी परभणीत करसल्लागार आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक, बँकांतले कर्मचारी, डॉक्टर, मोंढ्यातले आडते, दोन-चार जिनिंगवाले अशा लोकांची रिटर्नं भरून माझं घर चालतं. त्यामुळे प्राप्तिकराच्या आकड्यांबद्दल कुणी काही बोललं की कान आपोआप टवकारतात.

"देशाच्या तिजोरीत सर्वांत जास्त प्राप्तिकर महाराष्ट्र भरतो" हे वाक्य आपल्या राज्यात शाळकरी पोरांनाही पाठ आहे. वाक्य खोटं नाही. मंडळाच्याच कालश्रेणीत 2023-24 या वर्षाचा निव्वळ प्रत्यक्ष कर (म्हणजे मुख्यतः व्यक्तींचा आणि कंपन्यांचा प्राप्तिकर, परतावे वजा करून) साडेएकोणीस लाख कोटी रुपयांच्या वर दिसतो आणि त्यातला सुमारे 39 टक्के महाराष्ट्राच्या नावावर आहे. कर्नाटक, दिल्ली, तामिळनाडू बरेच मागे. दिल्लीत जाऊन हा आकडा टेबलावर ठेवायचा आणि "इतकं देतो, मग इतकंच का मिळतं?" असं विचारायचं, ही आपली जुनी रीत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं आहे ते हाच आकडा घरी आल्यावर काय होतं त्याबद्दल. जिल्ह्याच्या विकास आराखड्यावर चर्चा म्हणून बोलावलेल्या एका बैठकीत पडद्यावर तक्ता आला. कर-संकलन हा आर्थिक क्षमतेचा निर्देशक मानून विभाग खालीवर लावलेले होते. वर मुंबई आणि पुणे, आमचा पत्ता तळाशी. मागण्यांची यादी वाचून झाल्यावर एक साहेब म्हणाले, "टॅक्स भरतंय कोण इथं? आधी भरा, मग मागा." लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या सभागृहात बसलेल्या निम्म्या पगारदारांच्या पगारातून दरमहा कर कापला जातो आणि त्यातल्या कित्येकांची रिटर्नं मी भरते. तो कर परभणीच्या रकान्यात का दिसत नाही, हे साहेबांना ठाऊक नसेल तर ते गंभीर, आणि ठाऊक असूनही ते तसं बोलले असतील तर त्याहून गंभीर. म्हणून हे पत्र.

माझी पहिली तक्रार संकलनाच्या पत्त्याबद्दल आहे. सगळं दुखणं इथूनच सुरू होतं.

माझ्याकडे गंगाखेडच्या एका खासगी बँकेच्या शाखेतले अधिकारी येतात. अशिलाचं नाव सांगणं आमच्या धंद्यात बसत नाही, म्हणून सांगत नाही. घर गंगाखेडला, शाखा गंगाखेडला, पोरं परभणीच्या शाळेत, पगारातला पैसा खर्च होतो तो याच बाजारात. त्यांच्या फॉर्म 16 च्या, म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या दाखल्याच्या, पहिल्या पानावर वरच्या बाजूला एक चौकट असते. टीडीएस (पैसे हातात पडायच्या आधीच कापून भरला जाणारा कर) आयुक्तांचं कार्यालय कोणतं, ते त्यात छापलेलं असतं. तिथे मुंबईचा पत्ता आहे. कारण बँक सगळ्यांचा पगार मुख्यालयातून काढते, एकाच टॅनखाली (कर कापणाऱ्याला मिळालेल्या क्रमांकाखाली) कर कापते आणि भरते. माणूस आमचा, पॅनवरचा पत्ता आमचा, रिटर्न आमच्या वॉर्डातलं, कर मात्र मुंबईच्या खात्यावर. जिंतूरचा एक पोरगा करोनापासून घरी बसून बेंगळुरूच्या कंपनीचं काम करतो. महिन्याला त्याचा जो टीडीएस कापला जातो तेवढ्यात इथल्या एखाद्या छोट्या दुकानाचा वर्षाचा कर निघेल. तो तर महाराष्ट्रातही दिसत नाही, कर्नाटकात दिसतो. म्हणजे या पद्धतीत नुसतं परभणीचंच नव्हे, अधूनमधून राज्याचंही नुकसान होतं.

कंपन्यांच्या कराचं तर विचारूच नका. स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ, एचडीएफसी बँक यांची मुख्यालयं मुंबईत. देशभरातल्या शाखांनी, एजंटांनी, कर्जदारांनी आणि विमेदारांनी मिळवून दिलेल्या नफ्यावरचा कर मुंबईत मोजला जातो. सेलूच्या शेतकऱ्याने भरलेलं पीककर्जाचं व्याज आणि मानवतच्या मास्तरांनी भरलेला विम्याचा हप्ता त्यात आहेच. कंपनीच्या कराला पत्ता एकच असणार, हे मला मान्य आहे. पण व्यक्तींचा कर त्याच गाठोड्यात बांधून "राज्यनिहाय प्रत्यक्ष कर" म्हणून छापायची गरज नाही. आता तर देशात व्यक्तिगत प्राप्तिकर कंपन्यांच्या करापेक्षा मोठा झाला आहे. 2023-24 मध्ये तो दहा लाख कोटींच्या पुढे होता आणि कंपन्यांचा नऊ लाख कोटींच्या आसपास. जो भाग मोठा आहे आणि ज्याला माणसाचा पत्ता जोडता येतो, तोच नीट लावलेला नाही.

दुसरी तक्रार अशी, की आमच्या भागात जो कर दिसतो तो भलत्याच कारणांनी वर-खाली होतो.

सरकारी नोकरांचा कर इथेच दिसतो, कारण त्यांचा पगार इथल्या आहरण-संवितरण (म्हणजे पगाराची बिलं काढून पैसे वाटणाऱ्या) अधिकाऱ्यामार्फत कोषागारातून निघतो. मग होतं काय? सातव्या वेतन आयोगाची जानेवारी 2016 पासूनची थकबाकी राज्याने पाच हप्त्यांत द्यायचं ठरवलं. ज्या वर्षी हप्ता निघाला त्या वर्षी शिक्षकांच्या करपात्र उत्पन्नाला उसळी आली. करोनात हप्ता पुढे ढकलला गेला, तेव्हा ती उसळी गायब. जिल्ह्यात ना कारखाना आला, ना गेला. मंत्रालयातून एक शासन निर्णय निघाला, एवढंच. ही वर-खाली होणारी रेघ बघून कुणी "जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा कल" लिहीत असेल, तर तो शासनाच्या देयकांचं वेळापत्रकच वाचत बसला आहे.

याहून मनाला लागणारं उदाहरण महामार्गात जमीन गेलेल्या शेतकऱ्याचं आहे. माझ्याकडे असे बरेच जण येतात. भूसंपादन कायद्याखालचा मोबदला करमुक्त असतो. पैसे बँकेत मुदत ठेवीत जातात, कारण दुसरं काय करायचं ते लगेच सुचत नाही. ठेवीवरचं व्याज मात्र करपात्र. बँक दहा टक्के टीडीएस कापते. मोबदल्यासाठी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पॅन काढलेला माणूस हातात कागद घेऊन विचारतो, "ताई, हे कशाचे कापले?" काही जणांना रिटर्न भरून परतावा मिळतो, काही जण रिटर्न भरतच नाहीत. तुमच्या तक्त्यात मात्र त्या वर्षी नवा करदाता वाढलेला, टीडीएस वाढलेला. पिकतं रान गेलं, सालगड्याचं काम गेलं, आणि निर्देशक वर चढला! ठेव मोडून पोरीचं लग्न झालं की दोन वर्षांनी तोच निर्देशक खाली येईल, आणि तेव्हा कदाचित एखाद्या बैठकीत मंदीची चर्चा होईल.

2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्य केला. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. माझ्याकडच्या शिक्षकांपैकी बहुतेक जण या मर्यादेच्या आत आले. त्यांचा पगार घटला का? उलट महागाई भत्ता वाढला. पण त्यांच्या करापुढे आता शून्य आहे. पुढच्या तक्त्यात आम्ही आणखी खाली जाऊ, आणि तेव्हाही एखादे साहेब विचारतील, टॅक्स भरतंय कोण? कराचे दर आणि सवलती बदलल्या की आधीच्या वर्षांशी तुलना तुटते. पगार, व्याज, धंदा आणि भांडवली नफा (जमीन, शेअर वगैरे विकून झालेला) मिळून लोकांचं उत्पन्न किती, हे कराच्या रकमेशेजारी छापलं तरच त्या रकमेला काही अर्थ.

शेतीबद्दल थोडक्यात. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही आणि आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि तूर हीच अर्थव्यवस्था आहे. प्राप्तिकराचा आकडा या भागाकडे बघताना एका डोळ्याने आंधळाच असतो. शेतीवर कर लावा असं मी म्हणत नाही, मला याच गावात राहायचं आहे. आंधळ्या डोळ्याची नोंद तक्त्याखाली असावी, एवढंच.

तिसरी तक्रार मंडळाकडे आहे. तुम्ही सगळ्या प्रकारचा कर एका बेरजेत घालता. पगारावरचा टीडीएस दर महिन्याला येतो आणि लोकांच्या हातात काय पडतंय ते बऱ्यापैकी सांगतो. अग्रिम कर, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज करून आधीच भरायचा कर, 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्चला येतो, त्यात व्यापाऱ्यांचा आणि बाजारात पैसे लावणाऱ्यांचा अंदाज असतो. भांडवली नफ्यावरचा कर शेअर बाजाराच्या लहरीवर चालतो. परतावे लवकर दिले की निव्वळ आकडा घटतो, लांबवले की फुगतो. हे चारही प्रवाह वेगळे मोजले तर उपयोगी आहेत, एकत्र केले की काहीच कळत नाही.

हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यं स्वतःचा व्यक्तिगत प्राप्तिकर लावतात, आणि तिथे या कराचं संकलन राज्याच्या अर्थव्यवस्थेची नाडी म्हणून खरोखरच वाचलं जातं. पण वाचणारे पगारातून कापलेला कर आणि लोकांनी स्वतःहून भरलेला कर वेगळा ठेवतात. तसं का, ते कॅलिफोर्नियाने दाखवून दिलं. तिथे वरच्या एक टक्का करदात्यांकडून राज्याच्या प्राप्तिकरातला जवळपास निम्मा भाग येतो. 2022 मध्ये शेअर बाजार पडला आणि 2022-23 या वर्षी तिथलं प्राप्तिकर संकलन सुमारे पाव हिश्शाने घसरलं. त्यात वादळांमुळे 2023 ची कर भरायची मुदत एप्रिलवरून लांबत नोव्हेंबरपर्यंत गेली, म्हणजे अंदाजपत्रक मांडणाऱ्यांना आपण किती खड्ड्यात आहोत हेच कित्येक महिने कळलं नाही. पाव हिस्सा लोकांच्या नोकऱ्या काही गेल्या नव्हत्या. नुसत्या बेरजेवर विश्वास ठेवणाऱ्याला मात्र तसं वाटलं असतं. टेक्सास आणि फ्लोरिडात तर पगारावर राज्याचा प्राप्तिकरच नाही. म्हणून तिथे कुणी कमावत नाही असं म्हणायचं का?

त्याच देशाचं केंद्रीय कर खातं व्यक्तींच्या रिटर्नची आकडेवारी काउंटीनिहाय आणि पिनकोडनिहाय प्रसिद्ध करतं. रिटर्न भरणाऱ्याचा जो पत्ता, त्या पत्त्याप्रमाणे. पगार किती, व्याज किती, कर किती, सगळं वेगळं. जिथे रिटर्नं फार थोडी तिथले आकडे एकत्र करून टाकतात, म्हणजे कुणाचं खासगी उघडं पडत नाही. आपल्याकडे मंडळाने 2016 च्या एप्रिलमध्ये बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर कर-आकडेवारी खुली केली, तेव्हा आमच्यासारख्यांना आनंद झाला होता. पण व्यक्तींच्या कराचे आकडे त्यांच्या राहत्या जिल्ह्याप्रमाणे अजून मिळत नाहीत. पॅनला पत्ता आहे, रिटर्नवर पिनकोड आहे, तिमाही टीडीएस विवरणपत्रात प्रत्येक कर्मचाऱ्याचा पॅन आहे. जोडायचं राहिलंय, एवढंच.

राज्य शासनाला एक जुनी गोष्ट आठवून द्यायची आहे. "जिथे कर गोळा होतो त्या प्रांताला जास्त वाटा" हा वाद स्वातंत्र्याच्या आधीचा. 1936 मध्ये ब्रिटिश अधिकारी नीमायर यांनी प्राप्तिकरातल्या प्रांतांच्या वाट्यातले 20 टक्के मुंबई प्रांताला आणि तेवढेच बंगालला दिले. 1950 मध्ये चिंतामणराव देशमुखांनी निवाडा दिला तेव्हा मुंबईच्या वाट्याला 21 टक्के आले. पहिल्या वित्त आयोगाने (केंद्राचा कर राज्यांत कसा वाटायचा ते हा आयोग ठरवतो) प्राप्तिकर वाटताना 80 टक्के भार लोकसंख्येला आणि 20 टक्के संकलनाला दिला. पुढच्या आयोगांत तो कधी 10, कधी 20 असा राहिला आणि दहाव्या आयोगाने संकलन हा निकषच काढून टाकला. कारण सगळ्यांना कळलेलं होतं, की मुंबईत जमा झालेला कर मुंबईतच कमावलेला असतो असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रात महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के होता. तो कमी की पुरेसा यावर भांडता येईल. पण जो निकष देशाने राज्यांसाठी टाकून दिला, तो आपण आपल्याच जिल्ह्यांना कसा लावतो?

शिवाय विकासाचा अनुशेष मोजायची आपली परंपरा वेगळी आहे. 1984 मध्ये दांडेकर समितीने मागासलेपण मोजलं ते रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांत कुठे किती कमी पडलं ते बघून. कोणत्या तालुक्याने किती कर भरला, असं त्या समितीने विचारलं नव्हतं. आणि राज्याचा व्यवसाय कर 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. शहरातल्या नोकरदाराने भरायचा आणि दुष्काळी भागात मातीकाम करणाऱ्याला मजुरी मिळायची. ज्या राज्याने हे केलं, त्याच राज्याच्या बैठकीत "आधी भरा, मग मागा" ऐकावं लागतं.

आता मागण्या.

मंडळाने व्यक्तींचा प्राप्तिकर करदात्याच्या राहत्या पत्त्याप्रमाणे जिल्हानिहाय प्रसिद्ध करावा. दर तिमाहीला जमलं तर उत्तम, निदान वर्षातून एकदा. त्यात पगारावरचा टीडीएस, इतर टीडीएस, अग्रिम कर, भांडवली नफ्यावरचा कर आणि दिलेले परतावे वेगळ्या रकान्यांत असावेत. शेजारी करपात्र उत्पन्न आणि रिटर्नची संख्या असावी, शून्य कराच्या रिटर्नसकट. आणि सध्याचा राज्यनिहाय तक्ता छापायचाच असेल तर "हा कर जिथे जमा झाला तिथला आहे, तिथेच कमावलेला असेल असं नाही" ही ओळ तक्त्याच्या खाली न टाकता डोक्यावर छापावी.

नियोजन विभागाने जिल्हा आराखडे आणि निधीवाटपाच्या कुठल्याही सादरीकरणातून कर-संकलन हा निकष काढावा. लेखी परिपत्रक काढावं, तोंडी सूचना नको. तोंडी सूचना आमच्याकडे पोचेपर्यंत विरून जातात.

अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे माझी मागणी जास्त आहे, कारण त्यांना दिल्लीच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही. व्यवसाय कर राज्याचा आहे. 1988 पासून त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 रुपयेच राहिली आहे, त्यामुळे रकमेवरून उत्पन्न कळणार नाही. पण डोकी कळतात. दरमहा दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, महिलांना एप्रिल 2023 पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी. मालकाच्या विवरणपत्रात पगाराच्या टप्प्यानुसार कर्मचाऱ्यांची संख्या असतेच. मुख्यालयाच्या पत्त्याची अडचण इथेही आहे, पण हा फॉर्म तुमच्याच शासनाचा आहे. वस्तू व सेवा कर विभागाला सांगून त्यात "कामाच्या ठिकाणाचा तालुका" हा एक रकाना वाढवा आणि तालुकानिहाय पगारी रोजगाराचा तक्ता दर तीन महिन्यांनी संकेतस्थळावर टाका. जिल्हा उत्पन्नाचे तुमचे अंदाज आज बऱ्याच क्षेत्रांत राज्याची बेरीज वाटून काढलेले असतात. हा तक्ता त्यांना पडताळून बघायला तुमच्याच कामी येईल. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली, हिंगोली ही नावं तुमच्या यादीत वर्षानुवर्षं तळाला असतात. ती खरोखर तळाला असतील तर असू द्या, पण ते मोजून सांगा.

हे सगळं मार्चमध्ये मांडल्या जाणाऱ्या पुढच्या आर्थिक पाहणीच्या आत सुरू व्हावं. पहिला तक्ता कच्चा असला तरी चालेल, दुरुस्त्या आम्ही कळवू.

कळावे,
परभणीतली एक करसल्लागार